स्लॅब, पत्रा की कौले? नव्या घराच्या छपराविषयी एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात एक नव्हे तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. कोल्हापूरजवळच्या पाचगावच्या बाजूला आपले ४० बाय २५ फुटांचे घर उभे राहत आहे, भिंती लिंटेलपर्यंत, म्हणजे दारे-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत, आल्या आहेत, मार्च संपत आला आहे आणि मृगाच्या आत डोक्यावर छप्पर हवे आहे. आपल्यापुढे तीन पर्याय ठेवले गेले आहेत. गवंडी म्हणतात, स्लॅब टाका आणि तो गळू नये म्हणून वर पत्र्याचे शेड करा. फॅब्रिकेटर म्हणतो, स्लॅबचा खर्च कशाला, लोखंडी कैच्यांवर कौलासारखा दिसणारा रंगीत पत्रा टाका. वडिलांना मात्र गावाकडच्या घरासारखी मंगलोरी कौले हवी आहेत. शेवटच्या ओळीत आपण सहज लिहून गेला आहात की पाच-सात वर्षांनी मुलासाठी वर मजला चढवायचा आहे. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

मी गेली २६ वर्षे कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत घरबांधणीची कामे करतो. वर मजला घ्यायचा असेल तर आत्ताचे छप्पर हे पाच-सात वर्षे पाऊस अडवणारे आणि नंतर वरच्या घराची जमीन होणारे असे दुहेरी काम करणार आहे. ही दोन्ही कामे आजच नजरेपुढे ठेवून आखणी केली तर पैसा एकदाच जातो. नाही तर आज केलेले उद्या फोडावे लागते. पत्रा कोणत्या कंपनीचा आणि कौल कोणत्या रंगाचे, हे त्यानंतर ठरवावे.

उत्तर परिस्थितीवर किती अवलंबून आहे हेही आधी सांगतो. कोल्हापूर शहराच्या आसपास वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्याला तो पाच हजारांच्या घरात जातो आणि पूर्वेकडे शिरोळला शहराच्या निम्म्यावर येतो. आपले घर गगनबावड्याला किंवा राधानगरीच्या पश्चिम भागात असते, तर मी सपाट गच्चीचा सल्ला दिलाच नसता. तिथे भरपूर उताराचे पाखे आणि अडीच फूट बाहेर आलेली वळचण हाच शहाणपणा आहे, कारण तिथली झड आडवी येते आणि आठवडेच्या आठवडे भिंत सुकत नाही. घर शिरोळ तालुक्यात किंवा प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावात असते, तर मी घराच्या आतून जिना असलेली सपाट गच्ची हवीच असा आग्रह धरला असता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की त्या भागात काय होते हे २०१९ आणि २०२१ मध्ये आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि अशा वेळी गच्ची हा माणसांचा व धान्याचा शेवटचा आसरा असतो. पाचगावचा भाग चढावर आहे, पाऊस मध्यम आहे, त्यामुळे आपल्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

कैच्यांवरचा पत्रा आज स्वस्त पडेल हे खरे. मात्र वर मजला घेताना तो पूर्ण उतरवावा लागेल, खालच्या घरातला संसार महिनाभर तरी दुसरीकडे न्यावा लागेल आणि मग स्लॅब टाकावाच लागेल. शिवाय पत्र्याच्या उताराखाली दोन बाजूंना त्रिकोणी भिंती उभ्या राहतात. त्या वरून काँक्रीटच्या पट्ट्याने बांधलेल्या नसतील तर भूकंपाच्या धक्क्यात सर्वांत आधी त्याच ढासळतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का आठवणारी माणसे आपल्या भागात अजून आहेत, त्यामुळे हा मुद्दा मी कधीही गाळत नाही.

कौलांबद्दल वडिलांची ओढ मला समजते, कारण माझेही बालपण कौलारू घरात गेले. मंगलोरी कौलाचे छप्पर रिपांसह चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरते, त्याला २५ ते ३० अंशांचा उतार लागतो आणि दर एक-दोन वर्षांनी पावसाआधी घर शाकारणारा माणूस लागतो. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना सुरू केला, तेव्हापासून हे कौल पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर टिकले ते अशा वार्षिक देखभालीच्या बळावर. आज शहरालगत शाकारणीला माणूस मिळवणे अवघड झाले आहे. म्हणून माझी सूचना अशी की कौले पुढच्या सोप्यावर (ओसरीवर), दहा-बारा फूट रुंदीच्या वेगळ्या उतरत्या पाख्यावर घ्यावीत. तिथे हात पोहोचतो, फुटलेले कौल शिडी लावून बदलता येते आणि वर मजला झाला तरी सोपा तसाच राहतो. रिपांमधले अंतर मात्र पुस्तकातून घेऊ नका. आणलेल्या मालातली आठ-दहा कौले जमिनीवर एकात एक अडकवून मांडा आणि त्यावरून सुताराला माप द्या, कारण कारखान्यागणिक कौलाच्या मापात थोडा फरक पडतो. वळचणीकडच्या पहिल्या दोन ओळी तारेने रिपेला बांधा.

म्हणजे मुख्य घरावर स्लॅब. आता त्याच्याविषयी सविस्तर लिहितो, कारण गळतीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ वॉटरप्रूफिंगच्या डब्यात सापडत नाही. पाण्याला बाहेर जायला वाट कोठे ठेवली, यात सापडते.

वर मजला यायचा असल्याने आपला स्लॅब सपाटच टाकावा लागेल. त्यालाच उतार दिला तर उद्या वरच्या घराची फरशी त्या उताराशी भांडत राहील. त्यामुळे उतार वरच्या ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे विटांचे तुकडे घालून केलेल्या थरात, द्यायचा. इथे एक हिशेब सहसा कोणी मांडत नाही. कोब्याचा उतार किमान १०० ला १ धरा. ४० फुटांच्या म्हणजे सुमारे १२ मीटर लांबीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सगळे पाणी नेले, तर कोबा एका बाजूला दोन इंच आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ सात इंच होतो. त्याऐवजी मधोमध आढ्यासारखी उंच रेघ धरून दोन्ही लांब बाजूंना पाणी सोडले, तर पाण्याचा प्रवास चार मीटरपेक्षा कमी राहतो आणि कोब्याची कमाल जाडी साडेतीन इंचांवर थांबते. ढोबळ मानाने यातून आपल्या गच्चीवरचे सात-साडेसात टन वजन वाचते. मजला चढवताना हा कोबा फोडायचा असो वा त्यावर फरशी बसवायची असो, तो जितका पातळ तितके बरे. आपल्या अभियंत्यांना कोब्याची ही जाडी आत्ताच सांगा, म्हणजे ते स्लॅबच्या हिशेबात हे वजन धरतील. स्लॅबची जाडी आणि सळई त्यांनीच ठरवावी. गवंड्याच्या अंदाजावर किंवा शेजारच्या घरावरून ती ठरवू नये.

पाणी बाहेर काढणारे पाइप किती हवेत? तासाला १०० मिलिमीटर वेगाची सर आली, तर १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर मिनिटाला दीडशे लिटरच्या वर पाणी पडते. अशा सरीत चार इंची एका उभ्या पाइपाने साधारण ४० चौरस मीटरचे पाणी जाते असे धरतात. आपली गच्ची ९३ चौरस मीटर आहे, म्हणजे तीन पाइप पुरतात. मी चार घालतो, प्रत्येक लांब बाजूला दोन, कारण त्यातला एक कधी ना कधी तुंबणारच. आपल्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत गच्चीवर काजळी आणि जळक्या पाचटाचे कण साचलेले असतात, वळवाच्या पहिल्या सरीत ते सगळे वाहून पाइपाच्या तोंडाशी येतात आणि जाळीवर लगदा बसतो. म्हणून पाइपांखेरीज प्रत्येक बाजूच्या कठड्याला, कोब्यापासून दोन इंच उंचीवर, आरपार नळीचा एक तुकडा ठेवावा. पाइप तुंबले तर पाणी तिथून बाहेर पडताना अंगणातून दिसते आणि गच्चीवर तळे होत नाही. सहा इंच पाणी साठले तरी आपल्या गच्चीवर १४ टनांचा भार येतो, याची बहुतेकांना कल्पना नसते.

हे चारही पाइप स्लॅब टाकण्यापूर्वीच सेंट्रिंगवर बसलेले असावेत. नंतर स्लॅबला भोक पाडून पाइप बसवला की त्याच्या भोवतीचा सांधा कधीच एकजीव होत नाही. सोलरचे पाइप, टाकीचे पाइप, केबलची नळी यांनाही हाच नियम लावा. स्लॅबच्या आदल्या दिवशी प्लंबर आणि वायरमन या दोघांना जागेवर बोलावून प्रत्येक वाट खडूने खुणा करून घ्या.

कठड्याची विटांची भिंत थेट स्लॅबवर उभी करू नका. स्लॅबबरोबरच कडेने सहा इंच उंचीची काँक्रीटची पट्टी ओतून घ्या आणि त्यावर वीटकाम करा. वीट पाणी शोषते, कठडा आणि कोबा यांच्या कोपऱ्यात ते उतरते आणि खोलीत छतालगतच्या भिंतीवर पोपडे येतात. लोक मात्र गच्चीच्या मध्यभागी रसायने फासत राहतात. काँक्रीटची पट्टी ही वाट बंद करते आणि उद्या वरच्या मजल्याची भिंत तिच्यावरच उभी राहते. कोबा या पट्टीला जिथे भेटतो तिथे काटकोन न ठेवता गोलाई काढावी लागते, तिला आपले गवंडी वाटा म्हणतात. वाटा कठड्यावर किमान सहा-आठ इंच चढलेला असावा.

आता कॉलमच्या सळयांकडे येतो. वरच्या मजल्यासाठी सळया सोडलेली घरे आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात, आणि दहा-दहा वर्षे उघड्यावर गंजत उभ्या असलेल्या त्या सळया पाहून मला मनापासून वाईट वाटते. नवी सळई जोडायला व्यासाच्या ५० पट लांबी हवी असा आमचा व्यवहारातला नियम आहे, म्हणजे १६ मिलिमीटरची सळई ८० सेंटिमीटर वर राहणार. गंजाने ती बारीक होते आणि त्याच वाटेने पाणी सळईला धरून खाली कॉलममध्ये उतरते. उपाय स्वस्त आहे. सळयांना सिमेंटची घट्ट निवळ (सिमेंट-पाण्याचे दाट मिश्रण) फासून त्यांच्याभोवती कच्च्या, म्हणजे कमी सिमेंटच्या काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्या, त्याचा माथा चारी बाजूंना उतरता करा आणि बुडाशी वाटा काढा. मजला चढवताना हा ठोकळा दोन माणसे अर्ध्या दिवसात फोडतात आणि आतली सळई जशीच्या तशी मिळते.

गवंड्यांनी सुचवलेल्या पत्र्याच्या शेडबद्दल माझे मत असे आहे: चांगल्या कोब्याला पर्याय म्हणून शेड करू नये, ऊन अडवायला आणि वाळवण घालायला हवे असेल तर जरूर करावे. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालच्या खोल्या रात्री उशिरापर्यंत तापलेल्या राहतात, त्याला शेडचा चांगला उपयोग होतो. पण शेडचे खांब कोठे उभे राहणार हे आज ठरवा. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका घरावर कोबा पूर्ण झाल्यानंतर त्याला भोके पाडून खांबांचे बोल्ट बसवले होते. पहिल्याच पावसात स्वयंपाकघर गळू लागले आणि गळण्याची जागा बोल्टपासून बारा-तेरा फूट लांब होती, कारण पाणी एकदा विटांच्या तुकड्यांत शिरले की कोब्याच्या पोटातून हिंडते आणि स्लॅबला जिथे बारीक चीर असेल तिथे प्रकट होते. कारण सापडायला दोन पावसाळे गेले. तेव्हापासून मी शेड आज होणार असो वा पाच वर्षांनी, तुळयांच्या वर, कॉलमशेजारी, स्लॅबबरोबरच नऊ इंची काँक्रीटचे ठोकळे ओततो, त्यांत फाउंडेशन बोल्ट सोडतो आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून प्लास्टिक गुंडाळून ठेवतो. ठोकळ्याची उंची तयार कोब्याच्या वर सहा इंच तरी राहावी.

बोल्ट एवढे महत्त्वाचे का, तेही समजून घ्या. गच्चीवरचे शेड चारी बाजूंनी उघडे असते, त्यामुळे वारा पत्र्याला वरून ओढतो आणि खालून ढकलतो. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो होतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्या) आणि कैच्या सगळे मिळून चौरस मीटरला पंधरा किलोच्या आसपास भरते. म्हणजे वळवाच्या एका झोताला पूर्ण शेड उचलून नेणे अवघड नाही, त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे बोल्ट आणि त्यांच्यामागची तुळई. शेडचा प्रत्येक जोड, पत्रा ते पर्लिन, पर्लिन ते कैची, कैची ते खांब, या ओढीसाठी तपासून घ्या.

पत्रा टाकताना सुरुवात पूर्वेकडून करून पश्चिमेकडे जावे, म्हणजे एकावर एक आलेल्या पत्र्यांची उघडी कड पावसाळी वाऱ्याला पाठ करून राहते. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत, खाली रबरी वायसर असावा आणि तो चिरडेपर्यंत आवळू नये. जास्त आवळलेला वायसर पहिल्या दोन उन्हाळ्यांतच फाटतो. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. त्याच्या ठिणग्यांनी कडेचा लेप जळतो आणि पत्र्यावर पडलेला लोखंडाचा कीस एका पावसात गंजाचे डाग पाडतो. दिवसाचे काम संपले की पत्रा मऊ झाडूने झाडून घ्यावा. शेडसाठीही परवानगी लागते. आपले गाव नागरी विकास प्राधिकरणाच्या हद्दीत असेल तर तिथे, नसेल तर ग्रामपंचायतीत आधी चौकशी करा, कारण आज लपवून केलेले शेड उद्या वरच्या मजल्याच्या मंजुरीत अडसर ठरते.

राहिला वेळेचा प्रश्न. लिंटेल ते स्लॅब हे काम एप्रिलच्या मध्यापर्यंत झाले तर सर्व काही मृगाच्या आत बसते. आपला स्लॅब साधारण १२ घनमीटर काँक्रीटचा असेल, तुळया वेगळ्या; तो एकाच दिवशी, सकाळी लवकर सुरू करून ओतावा. दुपारनंतर वळीव येतो, म्हणून पूर्ण गच्ची झाकेल इतकी ताडपत्री जागेवर असल्याशिवाय मिक्सर सुरू करू नका. सळईखाली २० मिलिमीटरचे तयार कव्हर ब्लॉक घाला, दगडाच्या चिपा नकोत. काँक्रीट घट्ट वाटते म्हणून मजूर पाण्याची बादली ओततील, तिथे आपण स्वतः उभे राहून ते थांबवावे. त्या बादलीमुळे पडणाऱ्या चिरा नंतर कोणत्याही रसायनाने पूर्ण भरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मातीचे किंवा दुबळ्या मालाचे वाफे करून स्लॅबवर पाणी साठवा आणि ते १४ दिवस हटू देऊ नका. उन्हाळ्यात एक दुपार जरी स्लॅब कोरडा पडला तरी त्याचे नुकसान भरून येत नाही. टेकू काढायची घाई सेंट्रिंगवाल्यांना असते, कारण त्यांचे सामान दुसऱ्या जागेवर जायचे असते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे (दोन आधारांमधल्या अंतराखालचे) टेकू सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे १४ दिवसांनी काढता येतात. तुळयांखाली सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस थांबावे. हा करार तोंडी न ठेवता आधीच लिहून घ्या.

टेकू निघाल्यावर, कोबा करण्यापूर्वी, स्लॅबवर पुन्हा दोन इंच पाणी भरून तीन दिवस ठेवा. खालून छताला त्याआधी चुन्याचा एक हात द्या, म्हणजे रुपयाएवढी ओलसुद्धा पांढऱ्यावर लगेच दिसते. जिथे ओल दिसेल तिथे खडूने गोल करा, पाणी काढा, ती जागा उघडून सिमेंटच्या निवळीने भरा आणि पुन्हा पाणी साठवा. स्लॅब असा कोरा पास झाल्यावरच भाजलेल्या, रात्रभर भिजवलेल्या विटांच्या तुकड्यांचा कोबा करा. कमी भाजलेली पिवळट वीट गच्चीवर चढू देऊ नका. कोबा झाल्यावर तीच तीन दिवसांची चाचणी पुन्हा घ्या, आणि छताचा खालचा गिलावा व पुट्टी तिच्यानंतरच सुरू करा. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता मी नेहमी या दुसऱ्या चाचणीशी बांधून ठेवायला सांगतो.